सभ्यांची भीति आणि गुन्ह्यांचे आंकडे

गेल्या महिन्यांत एकाच आठवड्यांत आमच्यापुढें दोन कागद आले. पहिला एका स्नेह्यांनीं आणून दाखविला. त्यांचे चिरंजीव ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं नोकरीस असून तेथील एखाद्या उपनगरांत घर घेण्याचा त्यांचा विचार चालला आहे. शाळा कोठें आहे, आगगाडीचें स्थानक किती लांब आहे, हे प्रश्न मागाहूनचे. चिरंजीवांनीं वडिलांकडे आधीं पाठविलें तें त्या त्या उपनगरांतील घरफोड्या, मारहाणी आणि मोटारींच्या चोऱ्या यांचें वर्षवार कोष्टक! स्नेही तें मोठ्या कौतुकानें दाखवीत म्हणाले, "पाहा सर, सुधारलेला देश म्हणतात तो असा. नाहीं तर आपली हिंगोली!"

दुसरा कागद म्हणजे आमच्याच वसाहतींतील प्रतिष्ठित रहिवाशांचा अर्ज. गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेवर पालें ठोकून राहिलेल्या पंधरा-वीस कुटुंबांमुळें गुन्हेगारीचें प्रमाण फार वाढलें आहे, सबब त्यांस तेथून हलवावें, अशी त्यांत मागणी होती. खालीं वकील, डॉक्टर, अडते, शिक्षक अशा बेचाळीस जणांच्या सह्या होत्या. त्रेचाळिसावी आमची हवी होती. ती आम्हीं दिली नाहीं. यामुळें वसाहतींत आमच्याविषयीं जें बोललें जात आहे तें आमच्या कानीं आलें आहे. तेव्हां आमचीं कारणें उघडपणें मांडणें बरें.

पहिला प्रश्न असा कीं, प्रमाण वाढलें हें मोजलें कोणीं? अर्जांत एकहि आंकडा नव्हता. विचारल्यावर एकानें शेजारच्या गल्लींत चोरीला गेलेल्या मोटारसायकलीचा दाखला दिला, दुसऱ्यानें एका बाईच्या गळ्यांतील पोत ओढल्याची हकीकत सांगितली; आणि चौकशीअंतीं असें निघालें कीं, ती पोत ओढली गेली ती नांदेडास! भीतीला भूगोल नसतो हें खरें. परंतु अर्जाला तरी असावा.

बरें, आंकडे दिले असते तरी ते काय सांगते? सरकारी पुस्तकांत गुन्हा म्हणून जो मोजला जातो तो घडलेला गुन्हा नव्हे, नोंदलेला गुन्हा होय. घडणें आणि नोंदलें जाणें यांच्यामध्यें पोलिस ठाण्याचा उंबरठा असतो, आणि तो सर्वांना सारख्याच उंचीचा नसतो. वकिलाची मोटारसायकल गेली तर तासाभरांत कागद होतो. मोलकरणीचा नवरा तिचा हात मोडतो तेव्हां ‘घरांतलें भांडण घरांत मिटवा’ असा उपदेश होतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदविलीच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिताकुमारी खटल्यांत घालून दिला. जी गोष्ट कायद्यांत पूर्वीपासून लिहिलेली होती ती पुन्हा बजावून सांगण्याचा प्रसंग देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर यावा, यावरूनच त्या उंबरठ्याची उंची कळते.

म्हणून आंकडा वाढणें हें नेहमींच दुश्चिन्ह नसतें. केरळासारखें साक्षर राज्य गुन्ह्यांच्या दराच्या कोष्टकांत वरच्या ओळींत दिसतें, तें तेथील लोक अधिक दुष्ट आहेत म्हणून नव्हे. तेथें तक्रार करणारा अधिक धीट आहे आणि ती लिहून घेणाराहि अधिक तत्पर आहे. गुन्हे वाढणें आणि गुन्ह्यांची नोंद वाढणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानें आपल्या वार्षिक अहवालांतूनच दिलेला आहे. परंतु तो वाचतो कोण? आम्ही कोष्टक उलगडतों, सर्वांत मोठा आंकडा शोधतों आणि हाय हाय म्हणून पुस्तक मिटतों.

शिवाय लहान संख्यांची एक गंमत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या आसपास होती. अशा जिल्ह्यांत, उदाहरणादाखल, एका वर्षीं वीस खून झाले आणि दुसऱ्या वर्षीं सव्वीस, तर ‘खुनांत तीस टक्के वाढ’ असा मथळा खुशाल देतां येईल. एखाद्या शेताच्या बांधावरून दोन भावकींत उसळलेलें एकच भांडण एवढा फरक पाडण्यास पुरेसें आहे. त्यावरून जिल्ह्याची नीति बिघडली असें ठरविणें म्हणजे वळवाच्या एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणें होय.

आमच्या स्नेह्यांस ज्या कोष्टकाचें कौतुक वाटलें त्याची खरी थोरवी येथें आहे. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स प्रांतांत आहे तेथें गुन्ह्यांची गणना करणारें स्वतंत्र खातें १९६९ पासून चालत आहे. तें उपनगरवार आंकडे प्रसिद्ध करतें. पण त्याबरोबरच हा चढउतार खरा कीं केवळ योगायोगाचा, हेंहि शास्त्रीय कसोटी लावून सांगतें. त्याखेरीज त्या देशांत दरवर्षीं घरोघर विचारपूस होते कीं, तुमच्यावर कांहीं प्रसंग गुदरला काय, आणि तो तुम्हीं पोलिसांस कळविला काय? म्हणजे जें नोंदलें गेलें नाहीं त्याचाहि माग काढण्याची तेथें सोय आहे. आपल्याकडे अशी नियमित वार्षिक पाहणी नाहीं. आम्हांस त्यांचें कोष्टक हवें आहे, त्यामागचा प्रामाणिकपणा नको आहे. आणि कोष्टकाचीहि गरज आम्हांस कशाला? गुन्हेगार कोण हें आम्हांस आधींच ठाऊक असतें. तो पालांत राहतो!

या ठिकाणीं आमच्याच गांवाची एक जुनी हकीकत सांगणें प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस निजामाच्या फौजेची छावणी होती. त्याच निजामाच्या नोकरींतील मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत हिंगोलीचा जो वृत्तांत आहे तो प्रत्येक हिंगोलीकरानें वाचावा असा आहे. या भागांतील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा कोणी रानांत लपलेला दरोडेखोर नव्हता. तो गांवांतील एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलरनें त्याच्याशीं देवघेव केलेली होती. मुंबईहून कापड आणावयाचें आहे म्हणून या गृहस्थानें जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना मिळविला. तें कापड जवळच्याच एका गांवच्या व्यापाऱ्याचें असून तो तें घेऊन वाटेवर होता. हरीसिंगानें त्या व्यापाऱ्यास आणि त्याच्या माणसांस ठार केलें, परवाना दाखवून माल हिंगोलीस आणला आणि छावणींत उजळ माथ्यानें विकला! पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच कबुली दिली म्हणून हें कळलें. पहाऱ्याच्या मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आंत, भर बाजारांत खून पडत होते, आणि शिपायांच्या पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर प्रेतें पुरलीं जात होतीं. त्या खड्ड्यांपैकीं कित्येक उकरतांना टेलर स्वतः हजर होता.

या हकीकतींतून काय बोध घ्यावयास हवा होता? कीं प्रतिष्ठा हा सच्चेपणाचा दाखला नव्हे, आणि ज्याच्या हातांत परवाना असतो त्याचेंहि गांठोडें सोडून पाहावें. परंतु घेतला गेला तो बोध नेमका उलटा. १८३६ च्या ठगीविषयक कायद्यानें, अमुक खून अमुक इसमानें केला हें सिद्ध न होतां, तो ठगांच्या टोळींतला होता एवढ्यावरच जन्मठेप देण्याची सोय केली. माणसाचें कृत्य बाजूस राहिलें, त्याची टोळी पुढें आली. त्याच वाटेनें पुढें १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि टोळीच्या जागीं जात बसली. पोर पाळण्यांत असतांनाच गुन्हेगार ठरूं लागलें. आईबापांनीं चौकीवर हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं! हरीसिंगास सहज मिळालेला परवाना या गरिबांच्या मात्र गळ्यांतील फांस झाला. स्वतंत्र भारतानें हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द केला. तरीहि तुरुंगांच्या नियमावल्यांत या लोकांवरचा जन्मजात शिक्का टिकून होता, आणि तो पुसण्याचा आदेश देण्यास २०२४ साल उजाडून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. कायदा मेला, त्याचें भूत आमच्या वसाहतींच्या अर्जांतून अजून सह्या गोळा करीत हिंडत आहे.

हें भूत केवळ अर्ज लिहीत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा येथें भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष जमावानें ठेंचून मारले. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी भ्रमणध्वनीवरून पसरलेली वार्ता एवढाच पुरावा होता. जीव वांचविण्यासाठीं जेथें त्यांना न्यावयाचें त्या ग्रामपंचायतीच्या कचेरींतच त्यांचा अंत झाला. मारणारे स्वतःस गुन्हेगार समजत नव्हते. आपण गांवाची सुरक्षितता राखीत आहों अशीच त्यांची समजूत होती. अर्जावर सही करणारा सुशिक्षित आणि काठी उगारणारा जमाव यांत अंतर पुष्कळ आहे, हें आम्ही मान्य करतों. पण दोघांची दिशा एकच आहे, हें अर्जदारांनीं मान्य करावें.

कोणी म्हणेल, "मग काय दारें उघडीं टाकून निजावें? पालांतले सगळे संतच समजावयाचे?" छे! चोरी ही चोरीच. जो करील त्यास पकडावें, पुराव्यानिशीं न्यायालयापुढें उभें करावें, शिक्षा द्यावी; मग तो पालांतला असो कीं बंगल्यांतला. चोरीची झळ श्रीमंतापेक्षां गरिबालाच अधिक लागते, म्हणून पोलिसांचा धाक आम्हांस नकोसा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शिक्षा कृत्याला असावी, वस्तीला नसावी. पंधरा-वीस कुटुंबांतील एकानें चोरी केली असेल तर पोरांबाळांसह सारीं हुसकणें हा न्याय आमच्या वसाहतीला लावून पाहूं. एका सावकारानें खोटा कागद केला म्हणून सारी वसाहत उठवावी काय?

आणि आतां ज्या धोक्याविषयीं अर्जांत अक्षरहि नव्हतें त्याकडे पाहूं. २०२२ सालीं भारतांत खून झाले २८,५२२. रस्त्यावरील अपघातांत माणसें मेलीं १,६८,४९१, म्हणजे जवळजवळ सहापट. त्याच वर्षीं देशांत ११,२९० शेतकरी व शेतमजुरांनीं आत्महत्या केल्या, आणि त्यांतील ४,२४८ आपल्या महाराष्ट्रांतले होते. स्त्रियांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या खटल्यांपैकीं शंभरांत पंचाण्णवांहून अधिकांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) असें आढळलें कीं, अत्याचार सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकीं केवळ चौदाजणींनीं कोणाची मदत मागितली. बाकीच्या कोठें आहेत? त्या पालांत आहेत तशा आमच्या दुमजली घरांतहि आहेत. फरक एवढाच कीं, पालाच्या कापडांतून आवाज बाहेर येतो, विटांच्या भिंतींतून येत नाहीं. वसाहतीच्या फाटकावर छायायंत्र बसवावें असा ठराव झाला आहे. त्याचें तोंड अर्थातच बाहेरच्या बाजूस राहील.

आमच्या महाविद्यालयांत खेड्यापाड्यांहून एस. टी.नें येणाऱ्या मुली आहेत. संध्याकाळची गाडी चुकली कीं अंधारांत स्थानकावर थांबणें हा त्यांचा खरा धोका आहे. त्यांतील एकीला रस्त्यांत त्रास देणारा एका बड्या घरचा मुलगा निघाला, तेव्हां तक्रार करूं नये म्हणून तिच्या वडिलांची समजूत घालण्यास जे गृहस्थ गेले, त्यांपैकीं दोघांच्या सह्या आज या अर्जावर आहेत. त्या मुलीचें शिक्षण सुटलें. कोणत्याहि कोष्टकांत तिच्या नांवाची रेघ नाहीं. त्या वर्षींचा आंकडा तेवढा कमी झाला आणि आमचें गांव तेवढें सुरक्षित ठरलें!

तेव्हां सह्याच द्यावयाच्या असतील तर आम्ही एक दुसरा अर्ज सुचवितों. प्रत्येक पोलिस ठाण्यांत आलेल्या तक्रारी किती, नोंदल्या किती, तपास पुरा किती व शिक्षा किती, याचें कोष्टक दरमहा ठाण्याच्या दारावर लावावें. खबर नोंदवितांच तिची नक्कल तक्रारदारास विनामूल्य द्यावी असें कायदा सांगतो; ती न मागतां मिळावी. शेवटच्या गाडीपर्यंत बसस्थानकावर दिवे आणि पहारा असावा. पालांतल्या मुलांचीं नांवें शाळेच्या पटावर घ्यावीं आणि त्यांच्या आईबापांस शिधापत्रिका व राहण्यास हक्काची जागा द्यावी. कारण ज्याला पत्ता आहे त्याला गांवाची लाज आणि गांवाचा लोभ दोन्ही असतात. या अर्जावर आमची सही पहिली असेल.

आपल्या जिल्ह्यांत औंढ्यास नागनाथाचें देऊळ आहे, आणि नर्सी हें नामदेवांचें गांव. नामदेवांस देवळासमोर कीर्तन करूं न देतां प्रतिष्ठितांनीं मागच्या बाजूस हांकलून दिलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही आख्यायिका येथील लहान पोरासहि ठाऊक आहे. आम्ही ती भक्तिभावानें सांगतों, त्या देवळाला प्रदक्षिणा घालतों, आणि घरीं येऊन कोणाला गांवाच्या मागच्या बाजूस हांकलावें याच्या अर्जावर सही करतों. देव त्या वेळीं कोणाकडे फिरला एवढें जरी लक्षांत ठेविलें, तरी सहीपूर्वीं हात क्षणभर थांबेल.