प्रमेयांची मालकी

ऑगस्ट २००६ मध्ये ‘टोपॉलॉजी’ या गणिती नियतकालिकाच्या संपादक मंडळाने, नऊच्या नऊ सभासदांनी, एकत्रित राजीनामा दिला. नियतकालिक एल्झेवियर या बलाढ्य प्रकाशन कंपनीच्या मालकीचे होते आणि संपादकांचे गाऱ्हाणे वर्गणीच्या दराबद्दल होते. ज्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी ते निघत असे, त्यांनाच तो दर झेपेनासा झाला होता. या घटनेचा फारसा गाजावाजा झाला नाही. गिरणीचा भोंगा थांबला तर साऱ्या शहराला कळते. संपादकांनी लेखणी खाली ठेवली तर तिचा आवाज होत नाही. तथापि श्रम कोणाचे आणि नफा कोणाचा हा समाजवाद्यांचा जुना प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच पाहावयास मिळतो.

टोपॉलॉजी म्हणजे संस्थितिविज्ञान. आकृती ताणली, वाकवली, पण फाडली नाही, तर तिचे कोणते गुणधर्म टिकून राहतात याचा शोध घेणारे हे शास्त्र. भूमिती आणि बीजगणित यांच्याशी त्याचे नाते आज इतके घट्ट झाले आहे की एकातील कूट प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्यात सापडते. या संशोधनाला महागडी यंत्रे लागत नाहीत. त्याला लागतो निवांत वेळ, सहकारी आणि ग्रंथालय. आणि या तिन्ही गोष्टींचा खर्च जगभर बहुतांशी सार्वजनिक तिजोरीतून होतो.

प्रमेय तयार होते कसे हे पाहिले म्हणजे या व्यवहाराची विपरीतता ध्यानात येते. विद्यापीठाच्या पगारावर असलेला गणितज्ञ वर्ष-दोन वर्षे खपून निबंध लिहितो. त्याची अक्षरजुळणीही तोच करतो, आणि त्यासाठी वापरतो ती ‘टेक’ ही प्रणाली डोनाल्ड क्नुथ या प्राध्यापकाने १९७८ साली सर्वांना मोफत देऊन टाकलेली आहे. मग दुसरा गणितज्ञ, तोही विद्यापीठाच्याच पगारावर, सहा-आठ महिने त्या निबंधाची ओळ न् ओळ तपासतो. या परीक्षणाचा मोबदला त्याला सहसा मिळत नाही. इतके सारे झाल्यावर लेखक निबंधाचे हक्क कंपनीच्या नावे करून देतो आणि कंपनी तोच निबंध त्याच विद्यापीठाला विकते. कापूस शेतकऱ्याचा, सूत शेतकऱ्याचे, विणलेही त्यानेच, आणि अंगावर घालायचे तर पेठेतून विकत आणायचे!

‘टोपॉलॉजी’चा पहिला खंड १९६२ साली निघाला. कल्पना ऑक्सफर्डचे गणितज्ञ हेन्री व्हाइटहेड यांची, प्रकाशन पर्गमन प्रेसचे. पर्गमनचे धनी रॉबर्ट मॅक्सवेल १९६४ ते १९७० या काळात ब्रिटिश पार्लमेंटात मजूर पक्षाच्या बाकांवर बसत, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरू नये. १९९१ साली त्यांनी पर्गमन एल्झेवियरला विकून टाकले आणि त्या सौद्यात हे नियतकालिकही गेले. मॅक्सवेल त्याच वर्षी वारले, आणि आपल्याच कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीवर त्यांनी हात मारल्याचे मागाहून उघडकीस आले.

कंपन्यांच्या बाजूनेही काही म्हणता येते. छपाई, वितरण, जुने अंक जपून ठेवणे ही कामे कोणीतरी करावीच लागतात. पण वाचक नियतकालिकावर विश्वास ठेवतो तो परीक्षकांच्या नजरेमुळे, आणि ती नजर कंपनीच्या नोकरीत नसते. कंपनीच्या हाती असते ते नाव. त्या नऊ जणांनी नियतकालिक सोडले तेव्हा नाव मागेच राहिले. २००८ पासून लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांचे नवे ‘जर्नल ऑफ टोपॉलॉजी’ सुरू केले. त्याची वर्गणी जुन्याच्या निम्म्याहून कमी होती. त्याच्या वितरणाचे काम आज पुन्हा एका बड्या खाजगी प्रकाशकाकडेच आहे, हेही सांगितले पाहिजे. फरक इतकाच की तो प्रकाशक विद्वत्संस्थेच्या वतीने काम करतो. उद्या त्याचा दर पटला नाही तर संस्थेला दुसरा पाहता येतो.

नियतकालिकाच्या छापावाचून गणित अडत नाही, याचा पुरावा तर त्याआधीच मिळाला होता. हेन्री प्वांकारे यांनी १९०४ साली विचारलेला प्रश्न, ज्या बंदिस्त त्रिमितीय अवकाशात कोणताही फास आवळत आवळत बिंदूइतका करता येतो तो अवकाश त्रिमितीय गोलच असतो काय, हा शतकभर अनुत्तरित होता. सेंट पीटर्सबर्गच्या ग्रिगोरी पेरेलमान यांनी त्याचे उत्तर नोव्हेंबर २००२ ते जुलै २००३ या काळात तीन निबंधांतून ‘अर्काइव्ह’ या सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहात ठेवून दिले. कोणत्याही नियतकालिकाकडे ते पाठवले नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी ते तपासून बरोबर ठरवले. २००६ साली पेरेलमान यांनी फील्ड्स पदक नाकारले आणि २०१० साली दहा लाख डॉलरचे पारितोषिकही. रिचर्ड हॅमिल्टन यांचा वाटा आपल्यापेक्षा कमी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पेरेलमान यांना विक्षिप्त ठरवणे सोपे आहे. पण प्रमेय एकट्याचे नसते, हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाने वक्रपृष्ठावरील फासांचे संस्थितिविज्ञान आणि त्याच पृष्ठावरील एक विशिष्ट बैजिक रचना यांच्यात पूल बांधला. १९८७ साली नायजेल हिचिन यांनी तो पूल रुंद केला. हे हिचिन २००६ च्या त्या नऊ जणांपैकी एक. २०२४ साली डेनिस गेट्सगोरी, सॅम रस्किन आणि त्यांचे सहकारी, तेही योगायोगाने नऊच, यांनी भौमितिक लँगलँड्स अनुमानाची सिद्धता मांडली. पाच निबंध, आठशेहून अधिक पृष्ठे, आणि वाचणाऱ्याला दमडीही पडत नाही. त्या मार्गावर मुंबईचा पूल लागतोच.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि केंद्र व राज्य शासनांच्या सहा हजारांवर संस्था असा तिचा पसारा आहे. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील शिक्षकाला यामुळे ‘आयआयटी’तल्या प्राध्यापकाइतकेच वाचता येईल. हा लाभ खरा आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु वर्षाला २,००० कोटी रुपये देऊन देशाच्या हाती येते ते भाड्याचे घर. तीन वर्षांनी घरमालक नवा दर सांगेल, तेव्हा तीस कंपन्यांसमोर बसताना सरकारच्या हाती दुसरा पर्याय कोणता असणार? तिकडे शिक्षकाची नेमणूक नि बढती नियतकालिकाचे नाव पाहून होत राहिली, तर तो आपला निबंध पुन्हा त्याच कंपन्यांच्या दारात नेऊन ठेवील. त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून आहे.

पर्याय अशक्य आहे असेही नाही. १९९७ साली वॉरिक विद्यापीठातील गणितज्ञांच्या पुढाकाराने ‘जिऑमेट्री अँड टोपॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू झाले. ना-नफा तत्त्वावर चालणारे ते नियतकालिक आज त्या क्षेत्रात अग्रगण्य आहे. वरील रकमेचा एक टक्का म्हणजे ६० कोटी. तेवढे जरी भारतातील विद्वत्संस्थांच्या नियतकालिकांसाठी राखून ठेवले, लेखकाकडून पैसा घ्यायचा नाही आणि वाचकाकडूनही नाही अशी अट घातली, आणि निवड समित्यांना नावाऐवजी निबंध वाचायला लावले, तर वाटाघाटींच्या टेबलावर सरकारची बाजू आजच्याइतकी दुबळी राहणार नाही.

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना १९०७ साली झाली ती मुळात याच अडचणीपोटी. परदेशी गणिती नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नसत, म्हणून व्ही. रामस्वामी अय्यर यांनी मूठभर सभासदांची वर्गणी गोळा करून ती सामाईक मागवली. संस्थेचे ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तेथून अंक टपालाने सभासदांकडे फिरत. पण परक्यांचे अंक मागवून ती मंडळी थांबली नाहीत. त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले, आणि १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला तो त्याच्याच पानांवर.