आड बुजवू नका, वाळू धुवा



आपल्या ग्रुपवर यात्रा, जुनी बाजारपेठ, शाळेचे मास्तर असं सगळं लिहून झालं. आज पाण्यावर लिहितो. निमित्त असं की या वर्षात नंदगडातल्या ओळखीच्या तीन घरांनी मला एकच प्रश्न विचारला, "आडाचं पाणी तांबडं येऊलंय, बुजवून बोअर मारूया काय?" तिघांनाही मी नको म्हटलं. का म्हटलं ते इथं सविस्तर सांगतो, कारण असाच विचार आणखी बऱ्याच घरांत चालू असणार.

आमच्या परड्यातला आड आजोबांच्या वेळचा. त्याचं पाणी पहिल्यापासून लोखंडाचं. ओढून काढलं की काचेसारखं स्वच्छ, आणि बिंदगीत तासभर ठेवलं की वर पिवळसर तवंग, तळाला तांबडा गाळ. चहा काळपट व्हायचा. भात पिवळा दिसायचा. पांढरं धोतर चार धुण्यांत भगवं व्हायचं. नवीन आलेल्या सुनेला पहिला टोमणा धुण्यावरूनच बसायचा, "माहेरी धुणं धुवत नव्हतीस काय गं?" त्या बिचारीचा काय दोष? दोष पाण्याचा होता, पण बोलणी तिनं खाल्ली. अशा किती काक्या-वैन्या आपल्या गावात असतील!

हे लोखंड येतं कुठून? आपल्याच मातीतून. खानापूर तालुक्याची तांबडी माती, पश्चिमेकडचा जांभा, खानापूरची भांडी आणि कौलं भाजल्यावर चढणारा लाल रंग, सगळीकडे लोखंडच आहे. पावसाचं पाणी पालापाचोळ्यातून मुरत खाली जातं, जरा आंबट होतं, आणि हवा नसलेल्या थरात मातीतलं लोखंड विरघळवून घेतं. विरघळलेलं लोखंड दिसत नाही. पाणी वर येऊन त्याला वारा लागला की त्याचा गंज होतो आणि मग ते दिसतं. म्हणजे लोखंड आधीपासूनच पाण्यात असतं, हवा ते फक्त उघडं पाडते.

एवढं कळलं की बोअरचा हिशेबही कळतो. उघड्या आडाला थोडाफार वारा मिळतो, त्यामुळे काही लोखंड आडातच गाळ होऊन तळाला बसतं. बोअरच्या बंद पाइपात वारा कुठला? आपल्यासारख्या जमिनीत खोलवरच्या पाण्यात लोखंड जास्तही निघू शकतं. लाखभर रुपये जमिनीत घालून तेच तांबडं पाणी वर आणायचं, शिवाय वीज गेली की तेही बंद. आडाला दोर आणि पोहरा पुरतो.

आता भीतीचं बोलू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोखंडाची मर्यादा आधी लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती, पुढे ती 1 मिलिग्रॅम केली. जागतिक आरोग्य संघटनेनं तर लोखंडासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादाच घातलेली नाही. 0.3 च्या वर कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडतात, चव बिघडते, एवढाच मुद्दा. ज्यांच्या शरीरात लोखंड साठण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांना आपल्या आडातल्या लोखंडानं सहसा काही होत नाही.

उलट बाजूचा समजही तेवढाच चुकीचा. "लोखंडाचं पाणी प्या, रक्त वाढतं" असं म्हणणारे मामा प्रत्येक घरात एक तरी आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिफारशीनुसार बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोखंड लागतं. लिटरला 1 मिलिग्रॅम असलेलं दोन लिटर पाणी प्यायलं तर मिळतात 2 मिलिग्रॅम, आणि गंज झालेलं लोखंड अंगाला फारसं लागतही नाही. रक्त कमी असेल तर पालेभाजी, नाचणी, कडधान्य खा आणि दवाखान्यातल्या गोळ्या घ्या. आडाच्या भरवशावर राहू नका.

मग मी एवढं लांबण का लावलंय? कारण आपण रंगाला भितो आणि न दिसणाऱ्या गोष्टीला भीत नाही. 2014 नंतर परड्या-परड्यांत शौचालयं झाली. फार चांगलं झालं, आयाबहिणींचे हाल थांबले. पण आड होता तिथंच राहिला. शोषखड्डा आणि आड यांच्यात निदान पन्नास फूट अंतर हवं म्हणतात. आपल्या गल्लीत घराला घर चिकटलेलं, पन्नास फूट आणायचे कुठून? त्या खड्ड्यातले जंतू आडात उतरले तर पाणी तांबडं होत नाही. ते चकचकीतच दिसतं आणि घरातल्या लहान पोराला जुलाब लागतात.

इथंच लोखंडाची खरी अडचण सुरू होते. जंतू मारायला आपण ब्लीचिंग पावडर टाकतो. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि त्यानंतर तासभर थांबायचं. पण पाण्यात लोखंड असेल तर क्लोरीन आधी त्याच्यावर खर्च होतो. लिटरला 1 मिलिग्रॅम लोखंड असलं तरी त्या डोसातला बराचसा क्लोरीन तेच खाऊन टाकतं, जंतूंच्या वाट्याला उरतो थोडाच. शिवाय क्लोरीननं लोखंडाचा गंज झटकन होतो, म्हणून पावडर टाकली की पाणी आणखी लाल दिसतं. लोक घाबरतात, "पावडरीनं पाणी नासलं" म्हणतात आणि पुन्हा टाकत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी लोखंड काढायचं, मग क्लोरीन द्यायचा किंवा पाणी उकळायचं.

लोखंड काढायला यंत्र लागत नाही. आमची आजी रात्री बिंदगी उंचावरून हंड्यात ओतायची, चौपदरी फडकं बांधून ठेवायची, सकाळी वरवरचं पाणी घ्यायची आणि तळाचा गाळ परड्यातल्या केळीला घालायची. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण वारा देणं, थांबणं आणि गाळणं या तिन्ही गोष्टी ती बरोबर करायची. मोठ्या फिल्टरमध्ये याच्यापेक्षा वेगळं काही नसतं.

आज आमच्या घरी हेच दोन ड्रमांत चालतं. वरच्या ड्रमात पाणी पडताना भोकं पाडलेल्या पाइपातून शॉवरसारखं पडतं. तिथं ते काही तास थांबतं. खालच्या ड्रमात तळाला खडी आणि वर दीड-दोन फूट धुतलेली नदीची वाळू, त्यातून ते गाळून येतं. पाणी फार आंबट असेल तर गंज हळू होतो, तेव्हा चुन्याची निवळी जराशी लागते. सुरुवातीचे काही दिवस पाणी मनासारखं येत नाही. वाळूच्या कणांवर गंजाचा थर बसला की तो थरच पुढचं लोखंड धरायला लागतो. म्हणून पाण्याची धार बारीक झाली की वरची दोन-तीन बोटं वाळू काढून खळखळून धुवायची, सगळी वाळू घासून कोरी करायची नाही.

आणि ही वाळू धुणार कोण? बायकांनीच धुवायची असेल तर ही सोय नव्हे, त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम. आमच्याकडे रविवारी बापे धुतात. अर्ध्या तासाचं काम आहे, कुणाची कंबर मोडत नाही.

आरओबद्दलही दोन शब्द. ते यंत्र मुळात खारट पाण्यासाठी. आपल्याकडच्या पावसाळी मुलखात पाण्यात क्षार बहुधा कमीच असतात, मोजून बघा. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये सांगितलं होतं. एक लिटर पाणी देताना घरगुती आरओ दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि लोखंडानं त्याचा पडदा लवकर तुंबतो. हिशेब करा. पाचशे लिटर रोज वापरणाऱ्या घरात लिटरला 3 मिलिग्रॅम लोखंड असेल, तर वर्षाला अर्ध्या किलोच्या वर लोखंड घरात येतं. ते पडद्यावर अडवायचं की वाळूत?

धुण्याचंही सांगून टाकतो. तांबडा डाग ब्लीचनं जात नाही, उलट पक्का होतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा किंवा लिंबाच्या फुलाच्या पाण्यात भिजवा.

तेव्हा आड बुजवायचा विचार करणाऱ्यांनी आधी पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणीच्या किटचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. पंचायतीत जाऊन विचारा, तो आपला हक्क आहे. लोखंडाबरोबर जंतूंची बाटलीही मागा. त्यात पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. वर्षातून दोनदा करा, पावसाच्या आधी आणि नंतर. अहवाल कन्नडमध्ये आला तर 'कब्बिण' म्हणजे लोखंड हे ध्यानात ठेवा, आणि शेजारच्या आजी-आजोबांना कन्नड वाचता येत नसेल तर त्यांचा कागदही वाचून दाखवा.

ज्यांच्या घरी आड आहे त्यांनी लोखंडाचा आकडा, आडाची खोली आणि शोषखड्ड्याचं अंतर इथं खाली लिहावं. वीस-पंचवीस घरांचे आकडे जमले तर पंचायतीपुढे तोंडी तक्रारीऐवजी कागद ठेवता येईल. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी गावी फोन करून विचारा. आमचे आकडे पहिल्या कमेंटमध्ये टाकतो.

जय महाराष्ट्र, आणि आपल्या नंदगडाला रामराम.