नुसते पेटाफ्लॉप्स मोजू नका

सेलूच्या शेतकऱ्याने सरकी आज टोबायची की चार दिवस थांबायचे, हे ज्या अंदाजावर ठरते त्यामागची मोठी आकडेमोड पुण्यात होते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 साली 4 पेटाफ्लॉप्स गणनवेगाचा ‘प्रत्यूष’ महासंगणक आला, 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ आला, आणि मे 2025 मध्ये जागतिक हवामान प्रारूपाची जाळी 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली. ही प्रगती अभिमानाचीच आहे. पण पेटाफ्लॉप्स वाढले म्हणजे सगळे साधले, हे मला साफ अमान्य आहे. तो आकडा ज्या लिनपॅक कसोटीतून येतो ती समीकरणे सोडवते, डिस्कला जवळजवळ हातही लावत नाही. हिशेबच मांडू. पृथ्वीचे 51 कोटी चौरस किलोमीटर 6 किलोमीटरच्या चौकोनांत वाटले, तर सुमारे 1 कोटी 42 लाख चौकोन होतात. वातावरणाचे 60 थर आणि तापमान, वारा, बाष्प अशा 10 राशी, प्रत्येकी 4 बाइट धरल्या, तर एका वेळची नोंद 34 गिगाबाइटची. दर तासाला एक, अशी 10 दिवसांची 8 टेराबाइट. सेकंदाला 1 गिगाबाइटने ती उतरवायला सव्वादोन तास लागतील, 100 गिगाबाइटने दीड मिनिटही नाही. पेटाफ्लॉप्स मात्र दोन्हीकडे तेच.

जाणकार म्हणतील, जाळी निम्मी केली की कालपायरी, म्हणजे गणना पुढे सरकण्याचा वेळेचा टप्पा, तीही निम्मी होते. आकडेमोड आठपट वाढते, लेखन चौपटच, मग पैसा प्रोसेसरवर का नको? मुद्दा वजनदार आहे. पण मराठवाड्यातला वळवाचा पाऊस तासाभरात कोसळून जातो. जाळी बारीक करून नोंद तीन-तीन तासांनीच ठेवली, तर कमावलेला बारकावा वाया जातो. नोंदी दुप्पट केल्या की लेखनही आठपट होते. मग डिस्क वाढवा, असे कोणी म्हणेल. ‘अर्का’ची साठवण 33 पेटाबाइट आहेच, पण माहिती मावणे वेगळे आणि वेळेत उतरणे वेगळे. लस्टरसारख्या फाइल प्रणालीत मजकूर अनेक डिस्कवर वाटला जातो, तरी फाइल उघडण्याची विनंती, कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरकडेच जाते. हजारो प्रक्रियांनी आपापली फाइल उघडली की तिथे रांग लागते, आणि इतके महागडे प्रोसेसर ताटकळतात. यावरचा उपाय प्रोग्रॅममध्ये आहे: लेखन मोजक्या प्रक्रियांकडे सोपवायचे, त्यांनी तुकडे जमवून मोठ्या सलग खंडांत उतरवायचे, बाकीच्यांनी पुढच्या कालपायरीला लागायचे. हे चिकाटीचे काम करणाऱ्यांची दखल उद्घाटनाच्या बातमीत क्वचितच दिसते. 2017 पासून आयओ500 यादी बँडविड्थ आणि मेटाडेटा दोन्हींचा वेग मोजते, सोप्या आणि मुद्दाम अवघड केलेल्या कसोट्यांवर. नव्या यंत्राच्या निविदेत पेटाफ्लॉप्सशेजारी हे आकडे हवेतच, आणि संस्थेचे स्वतःचे प्रारूप लेखनासकट किती वेळात पुरे होते तेही.