फ्रान्सनं रोमांना विमानात बसवून परत पाठवलं, तेव्हा लोक नेमके कुणाच्या बाजूनं होते?

पाणी, नाक, कान. युरोपातल्या एखाद्या रोमा वस्तीत जाऊन तुम्ही हे तीन शब्द म्हणालात, तर अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. रोमानी भाषेतही हे शब्द जवळपास असेच आहेत. साधारण हजार वर्षांपूर्वी रोमांचे पूर्वज उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, असं भाषेचे आणि जनुकांचे अभ्यासक सांगतात. आज युरोपात त्यांची संख्या अंदाजे १ ते १.२ कोटी आहे.

स्थलांतरितांना हाकलण्याची बातमी कुठूनही आली की सोशल मीडियावर दोन तट पडतात. 'घुसखोर आहेत, काढा बाहेर' आणि 'माणुसकी आहे की नाही?' २०१० मध्ये फ्रान्समध्ये हेच झालं होतं. पण ते प्रकरण नीट पाहिलं, तर गोष्ट एवढी सरळ नव्हती हे लक्षात येतं.

सुरुवात कशी झाली?

जुलै २०१० मध्ये मध्य फ्रान्समध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला. तो 'जां द्यू व्हॉयाज' म्हणजे फिरस्त्या समाजातला होता. संतापलेल्या लोकांनी सेंत-अन्यां या छोट्या गावात पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्याच सुमारास ग्रेनोबल शहरातही दंगल झाली होती.

राष्ट्राध्यक्ष निकोलस सार्कोझी यांनी २८ जुलैला बैठक घेतली आणि तीन महिन्यांत सुमारे ३०० बेकायदा वस्त्या हटवण्याचं लक्ष्य ठरलं.

मेख इथंच आहे. फिरस्ता समाज हा पिढ्यानपिढ्या फ्रान्सचा नागरिक. कारवाईचा मोठा फटका मात्र रोमानिया आणि बल्गेरियातून आलेल्या रोमांना बसला. त्या घटनेशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. राग एकावर आणि तो निघाला दुसऱ्यावर.

पण रोमा तर युरोपचेच नागरिक, मग हाकललं कसं?

रोमानिया आणि बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आले. नियमानुसार संघाचा कुठलाही नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने राहू शकतो. त्यानंतर राहायचं तर नोकरी किंवा पुरेसे पैसे हवेत. पण या दोन देशांच्या नागरिकांना फ्रान्समध्ये नोकरीसाठी २०१३ अखेरपर्यंत खास निर्बंध होते. म्हणजे राहायचं तर काम हवं आणि काम मिळवायला अडचणी.

१९ ऑगस्ट २०१० ला या मोहिमेतली पहिली विमानं रोमानियाकडे निघाली. प्रत्येक प्रौढाला ३०० युरो आणि मुलाला १०० युरो देण्यात आले. हे लोक स्वेच्छेनं परत जात आहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. वस्तीवर बुलडोझर फिरल्यावर 'स्वेच्छा' किती उरते, हा प्रश्न टीकाकारांनी तेव्हाच विचारला.

लोकांना काय वाटत होतं?

ऑगस्टच्या सुरुवातीला 'इफॉप' संस्थेनं 'ल फिगारो' दैनिकासाठी पाहणी केली. बेकायदा वस्त्या हटवण्याला ७९ टक्के लोकांचा पाठिंबा दिसला. महिनाअखेरीस 'सीएसए' संस्थेच्या पाहणीत रोमांना रोमानियाला परत पाठवण्याबद्दल विचारलं, तेव्हा बाजूनं ४८ टक्के आणि विरोधात ४२ टक्के निघाले.

दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या संस्थांच्या, त्यामुळे थेट तुलना जपूनच करावी. पण प्रश्नांमधला फरक बघा. एकात 'बेकायदा वस्ती' आहे, दुसऱ्यात माणसं. ४ सप्टेंबरला फ्रान्सभर मोर्चे निघाले. पोलिसांच्या आकड्यानुसारही त्यात ७७ हजारांहून जास्त लोक होते.

मग सरकार अडचणीत कधी आलं?

कारवाई कुठल्याही एका समाजाविरुद्ध नाही, असं फ्रान्सचे मंत्री युरोपीय आयोगाला सांगत होते. सप्टेंबरमध्ये गृहमंत्रालयाचं ५ ऑगस्टचं परिपत्रक फुटलं. बेकायदा वस्त्या हटवताना रोमांच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, असं त्यात लिहिलेलं होतं.

युरोपीय कायद्यानुसार सार्वजनिक सुरक्षेच्या कारणावरून कुणाला देशाबाहेर काढायचं, तर त्या व्यक्तीचं स्वतःचं वर्तन तपासावं लागतं. परिपत्रकात व्यक्ती नव्हतीच, अख्खा समाज होता. न्याय आयुक्त विव्हियन रेडिंग भडकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर असं पुन्हा पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. या तुलनेबद्दल त्यांनी नंतर खेद व्यक्त केला. फ्रान्सनं परिपत्रक बदललं, कायद्यात सुधारणांचं आश्वासन दिलं आणि ऑक्टोबरमध्ये आयोगानं पुढची कारवाई थांबवली.

यातून साधलं काय?

परत पाठवलेले लोक युरोपचेच नागरिक. त्यातले अनेक पुन्हा फ्रान्समध्ये आले. एकाच माणसानं दोनदा पैसे घेऊ नयेत, म्हणून सरकारला बोटांचे ठसे साठवणारी यंत्रणा उभारावी लागली.

२०१२ मध्ये सरकार बदललं, समाजवादी सत्तेत आले. वस्त्या हटवणं थांबलं नाही. मानवाधिकार संघटनांच्या मोजणीनुसार २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांना वस्त्यांमधून हटवण्यात आलं. फ्रान्समधल्या या स्थलांतरित रोमांची एकूण संख्याच १५ ते २० हजारांच्या घरात धरली जायची. म्हणजे त्याच कुटुंबांना एका वर्षात पुन्हा पुन्हा उठवलं जात होतं. दरवेळी मुलांची शाळा सुटायची आणि कुटुंब पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन पाल टाकायचं.

परिपत्रकातला 'रोमा' हा शब्द खोडायला सरकारला काही दिवस पुरले. आपल्या डोक्यातून तो खोडायला जास्त वेळ लागतो. पुढच्या वेळी 'यांना काढा बाहेर' अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी एवढंच बघा की गुन्हा कुणी केला आणि त्यात नाव कुणाचं आहे. फ्रान्समध्ये ही दोन नावं वेगळी होती.