प्रलय अचानक येतो, तो कुणावर?

जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही विज्ञानकथा आपल्यापैकी काहीजणींनी वाचली असेल. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, त्यानंतर ती मी पुन्हा काढून वाचली. मुंबईत एका सकाळी बर्फ पडलेला दिसतो, इथून ती सुरू होते. हिमयुग जवळ आले आहे असे वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ आधीपासून सांगत असतो, पण त्याचे कुणी मनावर घेत नाही. ज्वालामुखीची धूळ वर पसरते, हवेत बर्फाचे बारीक कण तयार होतात, ते सूर्याची उष्णता परत फिरवतात आणि बघता बघता उत्तरेकडचे बलाढ्य देश गोठतात. शेवटी रॉकेटांनी धातूचे कण वर सोडून ऊब परत मिळवली जाते.

कथा मला आवडते. शास्त्र सोपे करून सांगायची त्यांची हातोटी होतीच. शिवाय जाणकाराने वेळेवर सांगूनही सत्ताधारी कसे ढिम्म बसतात, हे त्यांनी नेमके पकडले आहे. कथेतला धोका गोठण्याचा आहे आणि आपल्या पुढ्यात तापण्याचा, एवढ्यावरून तिला बाद करायचे कारण नाही.

माझी तक्रार या प्रकारच्या सगळ्याच लिखाणाबद्दल आहे, परदेशी कादंबऱ्या आणि सिनेमेही त्यात आले. एका दिवसात आभाळ कोसळते, एक शहाणा माणूस, एक बहिरे सरकार आणि वरून येणारा एक उपाय. यात बाई असते ती वाचवायच्या माणसांच्या यादीत. घरात बर्फ साचल्यावर चूल कशी पेटली, म्हाताऱ्या सासूला कुणी उचलले, बाळंतिणीचे काय झाले, हे विचारायला लेखकाला सवड नसते. एरवी कथेत बायका नाहीत म्हणून मी रुसणार नाही. पण प्रलयाच्या कथेत हा भाग गाळला, तर प्रलयच अर्धा सांगितला जातो.

आपल्याकडे बर्फ पडलाच नाही असेही नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा शेते पांढरी झाली होती. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला. त्या वर्षी पाऊसही रुसला, पुढच्या वर्षीही. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला. हंडा घेऊन रांगेत उभ्या बायकांवर १४४ कलम! १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. कॅमेरे गाडीवर होते, पुढाऱ्यांनी हार घातले. कथेतल्या रॉकेटसारखाच हा वरून आलेला उपाय. त्या गाडीतले पाणी टँकरमध्ये, टँकरमधून हंड्यात आणि हंड्यातून माठात नेणारे हात कुणाचे होते, ते लातूरच्या कुठल्याही गल्लीत विचारा.

दुष्काळ अचानक येत नाही, म्हणून त्यावर कुणी थरारक कादंबरी लिहीत नाही. रोज एक घागर कमी, रोज एक फेरी जास्त. मुलगी आधी पहिला तास चुकवते, मग शाळा. धान्य कमी झाले की बाईचे ताट आधी कमी होते. कर्ज झाले की जोडप्याने उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, तिथे पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे २०१९ मध्ये गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ती बातमी आरोग्याच्या पानावर आली. हवामानाच्या पानावर तिला जागा मिळायला हवी होती.

अचानक आलेला प्रलयही आपण पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, किल्लारी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, त्याखाली घरात झोपलेल्या बायकापोरे सापडली. पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या, हे नंतरच्या अभ्यासांत नोंदले गेले. भूकंप माणूस पाहून येत नाही हे खरे, पण कोण माळवदाखाली झोपणार आणि कोण शेतात किंवा अंगणात, हे भूकंपाने ठरवलेले नव्हते. पोरे गमावलेल्या बायकांवर नसबंदी उलटवण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे ढिगाऱ्यातून निघालेल्या बाईकडून पहिली अपेक्षा वंश पुन्हा सुरू करण्याची.

पण किल्लारीनंतर आणखीही काही घडले, आणि कुठल्याही प्रलयकादंबरीत मी ते वाचलेले नाही. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांना उतरवले. बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंत कुठे बांधून घ्यायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, गवंडी कुठे हात आखडतो, हे त्या घरोघर समजावू लागल्या. ज्या घराचा उतारा त्यांच्या नावावर नव्हता, त्या घराची भिंत त्यांनी तपासली. यावर एखादी चारशे पानांची कादंबरी सहज होईल. नायिका एक नसेल, दहा-बाराजणी असतील, आणि प्रकाशक म्हणेल की यात थरार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत आभाळ फाटले. लेंडी धरणाच्या पट्ट्यातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले, माणसे गेली, सैन्य बोलवावे लागले. पाठोपाठ सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्याची पिके पाण्यात गेली. अशा वेळी पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने. राबणारी बाई, बटईने करणारी, नवऱ्याने टाकलेली, आत्महत्येनंतर अजून फेरफार न झालेली, यांचे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचे? वाहून गेलेली शिलाई मशीन, चार शेळ्या, बचत गटाचे दप्तर, डाळीचा डबा?

म्हणून माझी सूचना आहे. गटाच्या बैठकीत 'हिमप्रलय' मोठ्याने वाचा, तासाभरात होईल. मग शास्त्रज्ञ, पत्रकार, पुढारी बाजूला ठेवून ती गोष्ट आपल्या गावात आणा: लेंडीच्या काठी किंवा मांजरेच्या काठी, पहिल्या सकाळी कोण उठले, कुणी काय उचलले, तिसऱ्या दिवशी काय शिजले, तलाठी आल्यावर कुणाला पुढे बोलावले. ज्या लिहीत नाहीत त्यांनी सांगावे, मुलींनी उतरून घ्यावे. आणि त्यातून निघालेली यादी पुढच्या पंचनाम्याच्या वेळी घेऊन जा, तलाठ्याची सही होईपर्यंत उठू नका.