मुलांच्या सामन्यातली गेलेली मिनिटे परत द्या

शालेय फुटबॉलच्या हंगामात नागपूरच्या कुठल्याही मैदानावर चुरशीच्या सामन्याची शेवटची सात-आठ मिनिटे पाहिली, की एक दृश्य हमखास दिसते. १-० ने पुढे असलेल्या संघाला थ्रो-इन मिळतो. जवळचा मुलगा चेंडू उचलतो, दोन पावले मागे सरतो आणि चेंडू खाली ठेवून दुसऱ्याला हाक मारतो. दुसरा मध्यरेषेपासून सावकाश चालत येतो, चेंडू जर्सीला पुसतो, इकडे बघतो, तिकडे बघतो. रेषेबाहेरून आवाज येतो, ‘आरामात, आरामात!’ गोलकिक असेल तर गोलरक्षक चेंडू एका कोपऱ्यात ठेवतो आणि मग उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाच्या पोटरीत गोळा येतो. रेफरी हात हलवत ‘चला, चला’ म्हणत राहतो आणि ठरलेली वेळ भरताच शिटी वाजवतो. हरणारा संघ रडकुंडीला येतो, जिंकणारा नाचतो आणि पुढच्या सामन्याचे संघ मैदानात उतरतात. या सगळ्यात रेफरीने काय करावे, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात आहे, पण मुलांच्या सामन्यांत ते फारसे वापरले जात नाही. माझे म्हणणे असे की लहान वयोगटात रेफरीचे पहिले हत्यार घड्याळ असले पाहिजे. गेलेला वेळ त्याने मोजावा, सर्वांना कळेल असा जाहीर करावा आणि पूर्णपणे परत द्यावा. कार्ड त्यानंतर. आणि कार्ड काढायची वेळ आलीच, तर ते आधी रेषेबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला दाखवावे.

या आग्रहाचे कारण साध्या हिशेबात आहे. शालेय सामने क्वचितच ९० मिनिटांचे असतात. वयोगट, मैदान आणि दिवसभरातल्या सामन्यांची संख्या पाहून अर्धा २० किंवा २५ मिनिटांचा ठेवला जातो. वीस मिनिटांच्या अर्ध्यात नऊ वेळा खेळ थांबला आणि दर वेळी वीस सेकंद विनाकारण गेले, तर तीन मिनिटे संपली, म्हणजे अर्ध्याचा १५ टक्के भाग. तीच तीन मिनिटे ४५ मिनिटांच्या अर्ध्यात सात टक्क्यांहून कमी भरतात. त्यात आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. पहिल्याच फेरीत हरलेल्या शाळेचा त्या वर्षीचा अधिकृत फुटबॉल तिथेच संपतो. त्या मुलांच्या वाट्याला वर्षभरात एकच सामना येतो, चाळीस मिनिटांचा, आणि त्यातली पाच-सहा मिनिटे चेंडू रेषेबाहेर पडलेला असतो. दुसरीकडे जिंकण्याची ओढ मोठी आहे. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य अशी पायरी असते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपासून सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणापर्यंत बरेच काही त्या पायऱ्यांशी जोडलेले आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून विभागीय स्पर्धेला येणारी मुले पहाटे निघून, प्रवास करून येतात. एवढ्या लांबून आलेल्या मुलांना ठरलेली चाळीस मिनिटे पूर्ण मिळावीत, ही अपेक्षा जास्त नाही.

आंतरराष्ट्रीय नियमावलीतला सातवा नियम याबाबत स्वच्छ आहे. खेळाडूंची अदलाबदल, दुखापत, कार्ड दाखवण्यात गेलेला वेळ, पाणी पिण्यासाठीची विश्रांती आणि वेळकाढूपणा, या सगळ्यांचा वेळ प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी भरून द्यायचा असतो. किमान किती मिनिटे वाढवली हे जाहीर करायचे असते. ती संख्या रेफरीला आणखी वाढवता येते, कमी करता येत नाही. मोठ्या फुटबॉलनेही हा नियम बराच काळ ढिलाईने पाळला. २०२२ च्या कतार विश्वचषकात मात्र पिएरलुइजी कोलिना यांच्या रेफरी समितीने तो शब्दशः पाळायचे ठरवले. इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्याच अर्ध्यात १४ मिनिटे वाढली, कारण इराणचा गोलरक्षक सहकाऱ्याशी धडकून जखमी झाला होता आणि उपचारांत बराच वेळ गेला होता. त्याने नाटक केले असे कुणी म्हटले नाही, म्हणण्याची गरजही नव्हती. वेळ गेला होता, तो परत दिला गेला.

याच ठिकाणी घड्याळ आणि कार्ड यांतला फरक कळतो. पिवळे कार्ड काढायचे तर रेफरीला मुलाच्या मनातला हेतू ठरवावा लागतो. हा मुलगा खरोखर लंगडतो आहे की सोंग करतो आहे? जुलै-ऑगस्टच्या पावसात काळ्या मातीचे मैदान चिखलाने भरलेले असते, बुटांना किलोभर माती चिकटलेली असते आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पोटरीत खरोखरच गोळा येऊ शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात चक्करही येते. अशा वेळी ‘ऊठ, नाटक करू नकोस’ असे म्हणणारा रेफरी एखाद्या दिवशी फार मोठी चूक करेल. डोक्याला लागलेल्या मुलाच्या बाबतीत तर शंकेला जागाच ठेवू नये. घड्याळ थांबवायला मात्र कुणावर संशय घ्यावा लागत नाही. रेफरीने मनगटाकडे बोट दाखवून ‘वेळ धरली आहे’ असे मोठ्याने सांगितले, की जखमी मुलाला उठायची घाई राहत नाही आणि सोंग करणाऱ्याला पडून राहण्यात फायदा राहत नाही. एकाच कृतीने दोघांना योग्य तो न्याय मिळतो. कार्डाने हे कधीच साधत नाही, आणि म्हणूनच रेफरी ते काढायला कचरतात.

शिक्षा हातून देता येईल एवढीच असावी, ही गोष्ट गोलरक्षकाच्या नियमाने अलीकडेच दाखवून दिली. १९९० च्या इटली विश्वचषकात बचावपटू चेंडू पुन्हापुन्हा गोलरक्षकाकडे परतवत आणि तो हातात धरून बसे. त्यावर उपाय म्हणून १९९२ मध्ये पायाने दिलेला असा पास हातात घ्यायला बंदी आली. तो नियम टिकला, कारण तो तोडला की लगेच दिसतो. पुढे गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात धरू नये, नाहीतर पेनल्टी क्षेत्रातच अप्रत्यक्ष फ्री किक, असा नियम झाला. तो मात्र जवळजवळ कागदावरच राहिला, कारण दोन सेकंदांच्या उशिरासाठी गोलच्या तोंडावर फ्री किक द्यायला कुणाचा हात धजावत नसे. आता २०२५-२६ च्या हंगामापासून मुदत आठ सेकंदांची झाली आहे, शिक्षा कॉर्नर किकची आहे आणि शेवटची पाच सेकंदे रेफरी हात उंचावून बोटांनी मोजून दाखवतो. मुदत वाढली आणि शिक्षा कमी झाली, तरी नियम आधीपेक्षा जास्त पाळला जातो, कारण रेफरी तो वापरू शकतो आणि गोलरक्षकाला हात दिसतो. मुलांच्या सामन्यांत ही उलटी मोजणी मोठ्याने करावी. चौदा वर्षांखालच्या गटात तर पहिल्या वेळी नुसते मोजून दाखवले तरी पुष्कळ काम होते.

आता रेषेबाहेरच्या माणसाकडे येऊ. तेरा वर्षांचा मुलगा आपण होऊन वेळ काढत नाही. त्या वयाला चेंडू पायाशी हवा असतो. आघाडी मिळाली की थ्रो-इन सावकाश घ्यायचा, बदली खेळाडूने पलीकडच्या टोकावरून चालत यायचे, बाहेर गेलेला चेंडू आणायला धावायचे नाही, हे त्याला कुणीतरी शिकवलेले असते. मग कार्ड त्या मुलाच्या नावावर का? २०१९-२० पासून नियमावलीने प्रशिक्षक आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही कार्ड दाखवण्याचा अधिकार रेफरीला दिला आहे. आपल्याच संघाला खेळ सुरू करायला उशीर करायला लावणारा प्रशिक्षक पिवळ्या कार्डास पात्र ठरतो. प्रतिस्पर्ध्याचा खेळ सुरू होऊ नये म्हणून चेंडू अडवणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्या पदाधिकाऱ्याला थेट लाल कार्ड आहे. दोषी कोण हे ठरवता आले नाही, तर ते कार्ड बाकावरच्या सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या नावावर जाते. हा अधिकार शालेय सामन्यात वापरायला धैर्य लागते, कारण समोर शाळेचे क्रीडाशिक्षक असतात, कधी वयाने मोठे, कधी रेफरीचेच जुने गुरू. पण एका ज्येष्ठ माणसाला एकदा पिवळे कार्ड दिसले, की पुढच्या वीस सामन्यांत रेषेवरचा ‘आरामात’ बंद होईल. मुलाला कार्ड दिले तर तो एवढेच शिकतो की सरांचे ऐकले आणि शिक्षा आपल्याला झाली.

यावर पहिला आक्षेप आयोजकांचा असतो आणि तो पोकळ नाही. एका मैदानावर दिवसभरात सहा-आठ सामने, संध्याकाळी लवकर अंधार, शाळेची बस उभी, अशात प्रत्येक सामना लांबवायचा कसा? याला उत्तर आहे. सामना किती वेळाचा हे ठरवण्याची मुभा स्पर्धेला आहे, पण ते सामना सुरू होण्यापूर्वी. वेळ अपुरा असेल तर अर्धा वीसऐवजी अठरा मिनिटांचा जाहीर करा आणि ती अठरा मिनिटे पूर्ण खेळवा. वीस मिनिटे छापून सोळा देण्यात फायदा होतो तो वेळ काढणाऱ्याचाच. शिवाय बराच वेळ मुलांच्या मुद्दामपणामुळे जात नाही. आपल्या बहुतेक मैदानांना जाळी नाही, चेंडू रस्त्यावर किंवा नालीत जातो आणि तो येईपर्यंत बावीस मुले उभी राहतात. दोन्ही गोलमागे एकेक जादा चेंडू आणि बाजूला दोन बदली खेळाडू चेंडू द्यायला उभे केले, तर भरून द्यायचा वेळ आपोआप कमी होतो. खर्च दोन चेंडूंचा.

दुसरा आक्षेप मैदानावरच्या जाणत्या माणसांचा आहे. आघाडी राखणे हेही कौशल्य आहे, मुलांना ते शिकू द्या, असे ते म्हणतात. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. कॉर्नरच्या झेंड्याजवळ चेंडू अंगाच्या आडोशाने राखणे, दहा पास आपसात फिरवणे, प्रतिस्पर्ध्याला धावायला लावणे हा खेळ आहे. त्यात चेंडू खेळात असतो आणि समोरच्याला तो हिसकावण्याची संधी असते. रेफरीने त्याला बोटही लावू नये. प्रश्न फक्त चेंडू थांबलेला असतानाच्या वेळाचा आहे, कारण तेव्हा समोरच्याला काहीच करता येत नाही. आपल्या कबड्डीने हा फरक केव्हाच ओळखला. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, आणि प्रो कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी निर्णायक केली गेली. आघाडीवरचा संघ आजही सावध खेळतोच, पण चढाई करून. फुटसालमध्येही चेंडू पुन्हा खेळात आणायला चार सेकंद मिळतात, आणि तिथल्या मुलांच्या कौशल्यात त्यामुळे काही कमी पडलेले नाही.

तिसरी अडचण रेफरीची स्वतःची आहे आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त वाटते. शालेय सामन्यात चौथा पंच नसतो, फलक नसतो, कधीकधी लाइनमनही संघांकडूनच घेतलेले असतात. वीस-बावीस वर्षांचा रेफरी पाच मिनिटे वाढवतो, त्या पाच मिनिटांत बरोबरीचा गोल होतो आणि पालक त्याच्याभोवती जमतात. त्याला वाटते, वेळेवर शिटी वाजवलेली बरी. पण हा राग येतो तो वाढीव वेळ गुपचूप दिला जातो म्हणून. सामन्याआधी दोन्ही कर्णधार आणि दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून ‘थांबलेला वेळ धरला जाईल’ असे सांगितले, प्रत्येक मोठ्या थांब्याला मनगट दाखवले आणि अर्धा संपण्याआधी ‘किमान चार मिनिटे’ असे हात वर करून ओरडून सांगितले, तर नंतर भांडायला आधार उरत नाही. तो आकडा गुणपत्रिकेवर लिहिला गेला, तर रेफरीच्या पाठीशी कागद उभा राहतो. सामन्याआधी दोन्ही संघांनी समोरासमोर बसून नियम ठरवण्याची रीत नागपूरला नवी नाही. विजय बारसे यांनी इथे उभ्या केलेल्या आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळवणाऱ्या ‘स्लम सॉकर’ने ज्या पद्धतीचा फुटबॉल वस्त्यांमधल्या मुलांना खेळवला, त्यात सामन्याआधीची बोलणी आणि सामन्यानंतरची चर्चा हे खेळाचेच भाग मानले जातात. कामठीसारख्या फुटबॉलवेड्या गावात तर मैदानाभोवतीचे लोक नियम इतके जाणतात, की रेफरीने मोजून वेळ दिला तर त्याला साथ देणारे चार आवाज नक्की निघतील.

म्हणून नागपूर जिल्हा फुटबॉल संघटना, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांना विनंती आहे. पुढच्या स्पर्धेच्या परिपत्रकात दोन ओळी घाला: थांबलेला वेळ प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी भरून दिला जाईल आणि वाढवलेली मिनिटे गुणपत्रिकेवर नोंदली जातील. वेळापत्रकात दोन सामन्यांमध्ये दहा मिनिटांची मोकळीक ठेवा. आणि पहिल्या दिवशी जो तरुण रेफरी हे काटेकोरपणे करेल, त्याच्यावर कुणी धावून आले तर आयोजकांपैकी एकाने तरी लगेच मैदानात जाऊन त्याच्या शेजारी उभे राहावे.