रेषेच्या अलीकडे

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनाला पाखराच्या डोळ्याखेरीज काहीच दिसत नव्हते, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. गावातल्या धनुर्विद्या मंडळाच्या मैदानावर मात्र मुलाला पहिला धडा मिळतो तो असा, की लक्ष्याकडे पाहण्याआधी आजूबाजूला पाहा.

मुलाने किंवा मुलीने धनुष्याचा हट्ट धरला, की आईबापांच्या पोटात गोळा येतो. बाण कुणाला लागला तर? ही भीती रास्त आहे. म्हणूनच मंडळ निवडताना भिंतीवरची पदके मागाहून पाहावीत, आधी मैदान पाहावे. लक्ष्ये उत्तरेस असावीत, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सूर्य नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. लक्ष्यांमागे मातीचा उंच बांध असावा आणि तिकडून कुणाची पायवाट नसावी. ऑलिंपिक स्पर्धेत लक्ष्य ७० मीटरवर असते. फलक १२२ सेंटिमीटरचा, पण दहा गुणांचे वर्तुळ चहाच्या बशीएवढे! नवशिक्याला अर्थातच काही पावलांवरून आरंभ करू द्यावा.

मग शिटीकडे लक्ष द्या. दोन शिट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचा आणि तीन झाल्या की सर्वांनी मिळून बाण आणायला जायचे. कुणीही रेषेपुढे असताना धनुष्याला बाण लावायचा नाही. बाणावाचून प्रत्यंचा ओढून सोडायची नाही, त्याने धनुष्य मोडू शकते. सैल केस, ओढणी, गळ्यातली माळ आवरून घ्यायची. आरंभी महागडे धनुष्यही नको. बांबूच्या धनुष्यासाठी आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र स्पर्धाप्रकार आहे.

एका रविवारी मी अशाच एका मैदानाच्या कडेला बसलो होतो. बारा वर्षांच्या एका मुलीने प्रत्यंचा हनुवटीपर्यंत ओढली होती. इतक्यात सुटलेल्या शेळीमागे धावत एक पोरगा बांधावर चढला. प्रशिक्षकांची शिटी ओठांशी पोहोचण्यापूर्वीच मुलीने धनुष्य सावकाश खाली घेतले, बाण काढला आणि ती रेषेमागे सरकली. त्या सकाळी तिला दहा गुणांचा एकही बाण साधला नाही. प्रशिक्षकांनी शाबासकी दिली ती मात्र तिलाच.

असा संयम खेळाच्या आड येतो असे कुणी समजू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात विजेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघांचाही सराव साताऱ्यातलाच. रोज शेकडो वेळा शिटीची वाट पाहिल्यावाचून हात इतका स्थिर होत नाही.

तेव्हा येत्या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या मैदानावर जा. अर्धा तास नुसते पाहत बसा. तिसरी शिटी होईपर्यंत रेषेपुढे एकही पाऊल पडले नाही, तर निश्चिंत मनाने मुलाचे नाव नोंदवा. पडले, तर त्याचा हात धरून परत या आणि दुसरे मैदान शोधा.